‘व्हीझ’ला मराठीत काय विचारायचं? पर्वतीच्या उतारावरच्या एका शिबिराचं प्रकरण

प्रश्न क्रमांक सात. माझी चूक तिथे झाली, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

मी वैद्यकीय मजकुराचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. औषधाच्या खोक्यातले माहितीचे कागद, ऑपरेशनआधीची संमतिपत्रं, रुग्णांना विचारायच्या प्रश्नावल्या. पर्वतीच्या उतारावर असलेल्या एका वस्तीत एका संस्थेने श्वासाच्या विकारांचं शिबिर घ्यायचं ठरवलं आणि चौदा प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली माझ्याकडे आली. वजन, वय, तंबाखू, घरात चूल आहे का, अंघोळीचं पाणी बंबावर तापतं का, असे बरेचसे प्रश्न सरळ होते. सातव्या प्रश्नात मात्र ‘व्हीझिंग’ होतं, म्हणजे श्वास सोडताना छातीतून येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज. गेल्या १२ महिन्यांत छातीत व्हीझिंग झालं का, हो किंवा नाही.

पहिल्या खर्ड्यात मी ‘छातीत घरघर होते का?’ असं लिहिलं. कोशात तेच सापडतं आणि डॉक्टरही मराठीत बोलताना तेच म्हणतात. प्रश्नावली भरून घेणाऱ्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीने ती आपल्या आजीला वाचून दाखवली. आजी चिडल्या. “मला घरघर लागली असं म्हणायचंय का तुला?” मुलीने मला फोन केला. त्यांचं बरोबर होतं. घरघर लागली म्हणजे माणूस शेवटच्या घटका मोजतोय. संस्थेला घरघर लागते, गिरणीला लागते, पक्षाला लागते. चालत्याबोलत्या माणसाला समोर बसवून कुणी हे विचारत नाही.

छपाईला दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं. घाईत मी तो शब्द काढला आणि ‘दम्यासारखा त्रास होतो का?’ असं लिहून टाकलं. वाचायला सोपं होतं, कुणाला लागणारंही नव्हतं. तेव्हा मला ते छान जमलंय असंच वाटलं होतं.

शिबिर जानेवारीतल्या एका रविवारी झालं, वस्तीतल्या बालवाडीच्या खोलीत. भिंतीवर अ अननसाचा, खाली लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या आणि त्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली मोठी माणसं. दाराशी नाव लिहायचं, मग मुली प्रश्न विचारणार आणि उत्तरांनुसार टेबल ठरणार. सात नंबरला ‘हो’ आलं की टेबल दोन. तिथे फुंकायचं यंत्र होतं आणि दम्याचे पंप होते.

दुपारी एकच्या सुमाराला एक मावशी आल्या. वय साठीच्या पुढे, अंगाने किडकिडीत. मंडईजवळ गजरे विकतात. बोटांना दोऱ्याचे चरे पडलेले आणि हातांना शेवंतीचा वास. मुलीने विचारलं, “मावशी, दम्यासारखा त्रास होतो का?” त्या म्हणाल्या, “होतो की. दम लागतो. लई लागतो.” मुलीने ‘हो’वर खूण केली. दुसऱ्या टेबलावर त्यांनी यंत्रात फुंकलं, आकडा कमी आला. किडकिडीत, दमलेल्या बाईने पहिल्यांदाच त्या नळीत फुंकलं तर तो कमी येतोच. रांग दारापर्यंत गेली होती. हाती खूण होती, आकडा होता, मावशींना पंप मिळाला. तो कसा ओढायचा हे दाखवलं गेलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

त्या दिवशी सात नंबरला खूप ‘हो’ आले होते. संध्याकाळी गठ्ठा चाळताना मला ते जाणवलंही. वस्तीत धूर आहे, चुली आहेत, म्हणून असेल असं म्हणून मी विषय सोडून दिला.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा तिथे गेले होते, माहितीपत्रकाची भाषा लोकांना कळते का ते बघायला. मावशी सुनेबरोबर आल्या. मी डॉक्टर नाही, पण तेव्हा टेबलाशी मीच होते आणि बोलणं माझ्याशीच सुरू झालं.

“पंप घेतला की हात कापतात ताई. दम आहे तसाच.”

“दम कधी लागतो?”

“चढ चढले की लागायचाच पहिल्यापासनं. आता रात्रीचा लागतो. आडवी झाले की कोंडतं. उठून भिंतीला टेकून बसले की मग जरा उतरतं.”

सून म्हणाली, “दोन उशा घेतात, वर गोधडीची घडी. तरी मध्यरात्री उठून बसतात.”

मग मी जो प्रश्न छापील कागदावर विचारायला हवा होता तो विचारला. “छातीत आवाज येतो का, श्वास सोडताना?”

“आवाज? कसला आवाज?”

मला त्यासाठी शब्द सुचेना. शेवटी ओठ आवळून, घसा दाबून मी श्वास सोडला आणि बारीक शिट्टीसारखा सूर काढला. मावशी लगेच म्हणाल्या, “हां, तो! तो आमच्या ह्यांना यायचा. छातीत मांजर बसल्यागत. रात्रभर. मला नाही ताई तसला, कधीच नाही.”

मी आत जाऊन डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी मावशींना पुढे वाकवलं, पाठीच्या तळाशी नळी लावून ऐकलं, मग पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा तिथे खळगा राहिला. त्या मला म्हणाल्या, “तुमचे केस दोन बोटांत धरा आणि कानाजवळ चोळा.” मी चोळले. बारीक कर्रकर्र असा कोरडा आवाज आला. “हे ऐकू येतंय मला यांच्या पाठीत. शिट्टी नाहीये. हे पाणी आहे.”

पुढची तपासणी शिबिराबाहेर, हृदयाच्या सोनोग्राफीने झाली. हृदयाचा पंप अशक्त झाला होता. दिवसभर पायांत साठणारं पाणी रात्री आडवं झालं की वर येतं आणि फुफ्फुसात दाटतं, म्हणून आडवं होताना दम कोंडायचा आणि उठून बसल्यावर उतरायचा. इंग्रजी वैद्यकात याला फार पूर्वीपासून हृदयाचा दमा असं नाव आहे. म्हणजे तिथेही दमा या शब्दाने हेच घोळ घातलेले आहेत. मावशींना दिलेला दम्याचा पंप बंद केला, पाणी कमी करायची गोळी आणि हृदयाची औषधं सुरू झाली.

तीन आठवडे वाया गेले होते. त्या काळात त्यांना काही झालं नाही, एवढंच. कुणी मला दोष दिला नाही. मॅडम म्हणाल्या, गर्दीत आम्हीच नीट ऐकलं नाही. तेही खरं असेल. पण त्यांच्या टेबलावर तो कागद माझ्या शब्दांनी आला होता आणि त्यावरची खूण माझ्या शब्दांना पडलेली होती.

चूक नेमकी कुठे झाली

व्हीझ हे आवाजाचं नाव आहे. रोगाचं नाही आणि दम लागण्याच्या जाणिवेचंही नाही. हे एवढं साधं वाक्य मला आधी लिहिता आलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

श्वासनलिका अरुंद झाल्या की हवा त्यांतून जोराने जाते आणि नळीच्या भिंती थरथरतात. फुगवलेल्या फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून हवा सोडली की जो बारीक सूर निघतो, त्याच जातीचा तो आवाज. बहुतेक वेळा श्वास सोडताना येतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९७७ मध्ये फुफ्फुसांतल्या आवाजांची नावं ठरवली, तेव्हा पाव सेकंदापेक्षा जास्त टिकणारा, मुख्य सूर ४०० हर्ट्झ किंवा त्याहून वर असलेला आवाज तो व्हीझ, आणि २०० हर्ट्झच्या खालचा जाड आवाज तो ऱ्हाँकस, अशी वाटणी केली होती. ४०० हर्ट्झ म्हणजे पेटीवर मधल्या सप्तकात साधारण पांढरी पाचच्या किंचित वर. भजनाला पेटी धरणाऱ्या माणसाला हे हर्ट्झपेक्षा लवकर कळेल.

दम लागणं ही मात्र रुग्णाच्या आतली जाणीव. ती दुसऱ्याला ऐकू येत नाही, रुग्णानेच सांगायची. तिला इंग्रजी वैद्यकात ग्रीकमधून आलेला डिस्प्निया हा शब्द आहे, कष्टाचा श्वास या अर्थाचा. आणि दमा हे रोगाचं नाव, ते डॉक्टरांनी द्यायचं. आवाज, जाणीव आणि रोग या तीन वेगवेगळ्या गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या होत्या.

शिवाय मराठीत तो शब्द ‘दम’च्या इतक्या जवळचा, की ऐकणाऱ्याला ‘दमा’मध्ये आधी ‘दम’च ऐकू येतो. दम फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ श्वास. आपल्याकडे तो घरचाच झाला आणि किती तऱ्हांनी झाला! दम लागतो, दम खातो, दम धरतो, समोरच्याला दम देतो, एखाद्याच्या बोलण्यात दम असतो किंवा नसतो. दिवसभर राबून आलेली बाई ‘दमले गं’ म्हणते तेव्हा तिला फुफ्फुसाचं काही सांगायचं नसतं. अशा भाषेत पर्वतीचा चढ रोज चढणाऱ्या माणसाला ‘दम्यासारखा त्रास होतो का’ विचारलं तर ‘हो’ येणारच. त्या रविवारी आलेल्या गठ्ठाभर होकारांत दमा किती, चढ किती, थकवा किती आणि हृदय किती, हे त्या कागदांवरून कुणालाच सांगता आलं नसतं. आम्ही सात नंबरला ‘हो’ आलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं. बरेच आले, सगळे नाही आले.

दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये

घरघर शब्दावर आजी चिडल्या त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. मग स्टेथोस्कोपचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला आणि तिथे हाच प्रसंग भेटला.

रने लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. १८१९ मध्ये त्याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. छातीत आजवर कुणी नीट न ऐकलेले आवाज त्याला ऐकू येत होते आणि त्यांना नावं नव्हती. त्याने ‘राल’ हा फ्रेंच शब्द घेतला. पण सामान्य फ्रेंच माणसाच्या मनात राल म्हणजे मरणाऱ्याच्या घशातला आवाज. थेट आपली घरघर! खाटेवर पडलेल्या रुग्णाने तो ऐकला की त्याला आपला शेवट जवळ आला असं वाटायचं. म्हणून रुग्णासमोर बोलताना लेनेक ‘राल’ऐवजी लॅटिन ‘ऱ्हाँकस’ वापरायचा, रुग्णाला न कळणारा.

त्याची अडचण मला पूर्ण पटते. पण त्याचा उपाय मला घेता येत नव्हता. त्याला रुग्णापासून शब्द लपवायचा होता, कारण ऐकणारा तो स्वतः होता. माझ्या प्रश्नावलीत ऐकणारा रुग्णच. त्याने रात्री स्वतःच्या छातीत काय ऐकलं ते मला त्याच्याकडून हवं होतं. न कळणारा शब्द तिथे कुचकामी, आणि घाबरवणारा शब्दही.

चरकसंहितेत श्वास हे व्याधीचंच नाव आहे. महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे त्याचे पाच प्रकार. त्यांतल्या तमकश्वासाच्या वर्णनात घुर्घुर आवाज आहे, तो रोगी आडवा झाला की त्रास वाढतो आणि बसला की बरं वाटतं हेही आहे. क्षुद्रश्वास हा श्रमाने लागणारा, साधा. म्हणजे चढ चढून लागलेला दम आणि छातीत आवाज करणारा दम यांना वेगळी नावं द्यायची गरज आपल्याकडे फार पूर्वीच कुणाला तरी वाटली होती. आणि आडवं झाल्यावर वाढणारा त्रास केवळ हृदयाचाच असतो असंही नाही, हे मला तिथे पुन्हा वाचायला मिळालं. मावशींच्या बाबतीत घोट्यावरचा खळगा आणि पाठीतली कर्रकर्र सोबत होती, म्हणून उलगडा झाला.

मूळ शब्दाची उलटतपासणी

इंग्रजीत व्हीझ पंधराव्या शतकापासून लिखाणात सापडतो. तो बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या फुत्कारणे, फिस्स करणे अशा अर्थाच्या शब्दावरून आला. भाषाशास्त्रज्ञ त्याच्याही मागे जातात आणि एका अतिप्राचीन धातूपाशी पोचतात. त्याच धातूपासून संस्कृतातला ‘श्वस्’ आला असं ते मानतात. म्हणजे व्हीझ आणि श्वास ही दूरची भावंडं! ज्या शब्दाला मराठी प्रतिशब्द सापडेना म्हणून मी आठवडाभर कोश उलटत होते, त्याचं नातं उसासा, निःश्वास, विश्वास, आश्वासन या सगळ्यांशी आहे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. लॅटिनमध्ये याच मुळापासून ‘तक्रार करणे’ या अर्थाचं क्रियापद झालं. दवाखान्यात शिरल्यावर आपल्याला पहिल्यांदा तेच विचारतात, काय तक्रार आहे?

आजच्या इंग्रजीत तो नाम आहे आणि क्रियापदही. माणूस व्हीझ करतो, जुनी मोटार चढावर करते, भाता फाटलेली पेटी करते. कादंबरीतलं एखादं म्हातारं पात्र वाक्यच व्हीझत बोलतं, म्हणजे शब्दांमधून श्वासाची शिट्टी येते. ब्रिटिश बोलीत ‘अ गुड व्हीझ’ म्हणजे नामी युक्ती, भन्नाट कल्पना. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या नाटकमंडळींच्या बोलीतून आला, तिथे व्हीझ म्हणजे नटाने पदरचा घातलेला विनोद. आता तो थोडा जुनाट वाटतो, पण ब्रिटिश वर्तमानपत्रांत अजून दिसतो. भाषांतर करणाऱ्याने इथे सावध राहावं, नाहीतर मंत्र्याने काढलेल्या नव्या युक्तीला मराठीत दमा व्हायचा.

सगळ्यात नवा अर्थ मला माझ्या भाचीकडून कळला. ती मैत्रिणींना मोबाइलवर ‘व्हीझिंग’ लिहिते, तेव्हा तिला हसून हसून आवाज फुटेनासा झालाय, नुसता श्वास शिटतोय असं सांगायचं असतं. आपण याला ‘हसून हसून मेले’ म्हणतो. मी तिला मावशींची गोष्ट सांगितली तेव्हा ती जरा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, म्हणजे त्यांना आवाज येतो का ते कुणी विचारलंच नाही?

बालवाडीच्या खोलीत पुन्हा

या वेळी मी शब्द घेऊन गेले नाही. मोबाइलवर आवाज घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी तीन ध्वनिमुद्रणं दिली: शिट्टीचा श्वास, कफाची घुरघुर आणि धावून आलेल्या माणसाची साधी धाप. वस्तीतल्या आठ बायका आणि दोन आजोबा जमले. एकेक आवाज ऐकवायचा आणि विचारायचं, तुम्ही याला काय म्हणाल?

असा प्रयोग करणारी मी काही पहिली नव्हते. मुलांमधल्या दम्याचा जगभर अभ्यास करणाऱ्या आयझॅक या प्रकल्पालाही १९९० च्या दशकात हीच अडचण आली होती. इतक्या भाषा, आणि व्हीझला नेमका शब्द अनेक भाषांत नाही. म्हणून त्यांनी लेखी प्रश्नांच्या जोडीला चित्रफीत केली. मुलांना दम लागलेली माणसं प्रत्यक्ष दाखवायची, ऐकवायची आणि विचारायचं, तुझा श्वास कधी असा झाला होता का? मोठे मोठे तज्ज्ञ जिथे शब्द सोडून आवाजाकडे वळले, तिथे मी एका दिवसात शब्द ठरवून मोकळी झाले होते.

खोलीतलं बोलणं माझ्या वहीत पानंच्या पानं आहे. साध्या धापेला सगळ्यांनी झटकन ‘धाप’ म्हटलं, ‘धापा टाकतोय’ म्हटलं, त्यात वाद नव्हता. एक आजोबा म्हणाले, “ऊर धपापतोय.” कफाच्या आवाजाला ‘छाती भरली’, ‘छाती वाजते’. एका आईने सांगितलं, लहान बाळ असेल तर ‘पोट उडतं’ म्हणतात, आणि तिच्या गावाकडे ‘डबा झाला’ म्हणतात. डॉक्टर मॅडमनी ते लगेच लिहून घेतलं, कारण बाळाचं पोट उडणं ही न थांबता दवाखान्यात न्यायची खूण.

शिट्टीच्या आवाजाला मात्र एक शब्द आला नाही. ‘सुईंसुईं’ आलं, ‘सूं सूं’ आलं, ‘शिट्टी’ आलं. शिट्टीवर चर्चा लांबली. एक बाई म्हणाली, शिट्टी म्हटलं की कुकर डोळ्यांसमोर येतो, एवढा मोठा थोडाच आवाज असतो? दुसरी म्हणाली, पोरं तोंडाने वाजवतात तीच वाटेल. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकूंनी तो आवाज दोनदा ऐकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “आमच्या पेटीचा भाता कोपऱ्यात उसवला होता ना, तेव्हा पट्टी न दाबताच असा सूर यायचा. भाता सोडला की बारीक. पट्टी नाही, बोट नाही, आपोआप.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आवाज बाहेर जाताना येतो, आपण न करता येतो आणि बारीक असतो, या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या होत्या. कुठल्याच व्याख्येत मला हे इतकं नेमकं सापडलं नव्हतं.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर नवा प्रश्न तयार झाला. एकाचे तीन झाले:

‘श्वास सोडताना छातीतून बारीक सूर किंवा शिट्टीसारखा सुईंसुईं आवाज येतो का? (आवाज ऐकवा.)’

‘चालताना, चढताना किंवा काम करताना दम लागतो का? धाप लागते का?’

‘आडवं झाल्यावर दम कोंडतो का? झोपताना उशाला किती उशा किंवा घड्या घेता?’

‘दमा’ हा शब्द पूर्ण प्रश्नावलीत आता एकदाच आहे, शेवटच्या पानावर, डॉक्टरांनी भरायच्या चौकटीत.

उशांचा प्रश्न मावशींच्या सुनेमुळे आला. डॉक्टर तो नेहमी विचारतात, पण मूळ इंग्रजी कागदावर तो नव्हता. मी संस्थेला कळवलं आणि त्यांनी मान्य केला. भाषांतर करणाऱ्याने मूळ मजकुरात भर घालू नये असं मी नव्या मुलींना नेहमी शिकवते. इथे मी ते मोडलं आणि लपवून ठेवलं नाही.

दम किती लागतो याच्या पायऱ्याही तपासाव्या लागल्या. डॉक्टर शून्य ते चार अशी मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे अंगमेहनतीचं काम केलं तरच दम लागतो. तीन म्हणजे सपाटीवर १०० मीटर चाललं की थांबावं लागतं. चार म्हणजे घराबाहेर पडवत नाही किंवा कपडे घालताना दम लागतो. मी १०० मीटर लिहिलं होतं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. एका बाईने सोडवलं, “इथनं खालच्या नळापर्यंत म्हण की.” आम्ही पावलं मोजली, अंतर जवळपास बसलं. पण तो रस्ता उताराचा, येताना चढाचा. म्हणून नळ सोडला आणि खालच्या सपाट रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून बस थांब्यापर्यंतचं अंतर घेतलं. कपडे घालण्याच्या जागी ‘लुगडं नेसताना’ आलं. नऊवारी नेसायला किती दम लागतो ते नेसणारीलाच ठाऊक. आजोबा म्हणाले, पर्वतीच्या १०३ पायऱ्या घाला. मोह झाला. पण त्या पायऱ्यांवर धडधाकट तरुणही थांबतो, त्याने काही मोजलं जात नाही.

एक सूचना मुलींसाठी ठळक अक्षरात छापली आणि तिच्यावर मी हटून बसले. आवाज नाही म्हणजे त्रास नाही असं समजायचं नाही. दम्याचा झटका फार वाढला की नळ्यांतून हवाच जेमतेम जाते आणि शिट्टी बंद पडते. धापा टाकणारा, वाक्य पूर्ण करू न शकणारा, ओठ निळसर झालेला माणूस ‘आवाज येत नाही’ म्हणाला तर कागद बाजूला ठेवायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची. आणि शिट्टी आहे म्हणजे दमाच, असंही नाही. शेव्हेलिए जॅक्सन हे अमेरिकन वैद्य हेच बजावत. श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेत अडकलेल्या २,००० हून जास्त वस्तू त्यांनी काढल्या, त्या आज फिलाडेल्फियातल्या म्युटर संग्रहालयात आहेत. धडधाकट मुलाला एकाएकी, छातीच्या एकाच बाजूला शिट्टी यायला लागली तर त्याने शेंगदाणा तर गिळताना ओढला नाही ना, हे आधी विचारायचं. हृदय अशक्त असलेल्यालाही कधीकधी शिट्टी येते. मावशींना येत नव्हती म्हणून त्यांचा उलगडा सोपा झाला, आली असती तर माझा जुना प्रश्नही बरोबर वाटला असता आणि त्या चुकीच्याच टेबलावर गेल्या असत्या.

दुसरं शिबिर पावसाळ्याच्या तोंडावर झालं, त्याच खोलीत. मोबाइलला छोटा स्पीकर जोडला होता. पहिल्या तासात तीनचार माणसं आवाज ऐकताच ‘हा, हाच, रात्री येतो’ म्हणाली, आणि एका मुलाने आईकडे बोट दाखवलं. दम लागणारे मात्र तेव्हाही पुष्कळ होते. त्यांची खूण आता आपल्या जागी, वेगळ्या चौकटीत पडत होती.

मावशी आल्या तेव्हा हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा होता. तो डॉक्टर मॅडमसाठी. मी त्यांच्याच समोरच्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि प्रश्नावली स्वतः भरली. सात नंबरला स्पीकर लावला. त्यांनी मान हलवली. “नाही ताई. सांगितलं ना मागं. लिही, नाही.”

मी लिहिलं.

“आणि उशाला किती घेता आता?”

“एकच.” त्यांनी गजरा दुसऱ्या हातात घेतला. “गोधडी अंगावर घेते.”